विजोड जोडगोळीची क्राइम कॉमेडी: मधली चाळीस पानं लोळतायत

कोरा_कागद

पटकथेचा दुसरा खर्डा झालाय, ११२ पानं. जोडगोळी अशी: वसुधा, वय ५७, विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करते. नियमाला पक्की, खोटं बोलायला गेली की अडखळते. गुलाब, वय २८, बनावट कागदपत्रं करतो. कुणाचीही सही दोनदा पाहिली की तिसऱ्यांदा स्वतः मारतो.

एका गोदामाला आग लागते. आत ६०० विजेच्या मोटारी जळाल्याचा दावा येतो, रखवालदार वसंत आगीत मेल्याचं जाहीर होतं. दावा चार दिवसांत मंजूर व्हायचाय आणि त्याच दिवशी वसुधा निवृत्त होणार आहे. साठ्याचं रजिस्टर खोटं आहे असा तिला संशय. ते पारखायला ती गुलाबला पकडून आणते. ते रजिस्टर गुलाबनेच बनवलेलं असतं, पण हे तिला आणि प्रेक्षकाला पान ९५ ला कळतं. वसंत जिवंत आहे हेही तिथेच.

अडचणी:

१. पान ३० पर्यंत वाचणारे हसतात. ४० ते ८० मध्ये सगळ्यांचं एकच म्हणणं: भांडणं मस्त आहेत, पण पान उलटावंसं वाटत नाही. तिथली रचना म्हणजे भांडण, प्रवास, धागा सापडतो, पुन्हा भांडण.

२. पान ८२ ला दोघं फुटतात. वसुधा गुलाबचं फोनवरचं अर्धंच बोलणं ऐकते आणि गैरसमज करून घेते. हे सगळ्यांना ओढूनताणून वाटतंय.

३. ती सरळ पोलिसांकडे का जात नाही?

४. गुन्हा किती गुंतागुंतीचा असावा? सध्या तीन बनावट कंपन्या, दोन बँका आणि मालकाचा जुळा भाऊ आहे.

तिसरी_घंटा

जुळा भाऊ आजच्या आज काढा. बाकीचं सावकाश बोलू.

निवृत्तीही काढा. निवृत्तीला चार दिवस राहिलेला तपास अधिकारी या प्रकारात घासून गुळगुळीत झालाय, हे एक. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जी बाई शुक्रवारी घरी जाणार आहे तिला गमवायला काय आहे? नोकरीची तीन वर्षं बाकी ठेवा. मग खोटा आरोप केला तर नोकरी जाते, आणि प्रत्येक पायरीवर तिला भीती वाटते. शिवाय दोन घड्याळं एकाच वेळेला वाजणार असतील तर एक फुकटच आहे.

मुदतीबद्दल: चार दिवस म्हणजे तीन रात्री. त्या तीन रात्री दोघं कुठे झोपतात, कपडे बदलतात का, तिच्या घरी कोण आहे, हे सगळं पटकथेला सांगावं लागतं आणि तिथेच पानं खर्ची पडतात. या प्रकाराला ४८ तास मानवतात ते उगाच नाही. 'फोर्टी-एट अवर्स'चं (१९८२) तर नावच ते, आणि 'झूटोपिया'त (२०१६, प्राण्यांच्या शहरातला ॲनिमेशनपट) पोलीस सशिणीला हरवलेल्या प्राण्याचा शोध लावायला तेवढीच मुदत मिळते. मोठी मुदत हवीच असेल तर साधनं आटत गेली पाहिजेत. 'मिडनाइट रन'मध्ये (१९८८) फरार हिशेबनिसाला न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला शुक्रवारच्या मध्यरात्रीपर्यंत पोचवायचंय. विमानात हिशेबनीस उडण्याच्या भीतीचं सोंग करतो, दोघांना उतरवलं जातं, मग रेल्वे, मग बस, मग मागून घेतलेली गाडी. मुदत तीच, साधन दर वेळी आधीपेक्षा वाईट. तुमच्या दोघांकडे पान ४० ला जे आहे तेच पान ७० ला असेल, तर वेळ संपत आल्याचं तुम्ही संवादातून कितीही सांगा, जाणवणार नाही.

आडवा_धागा

तुमची पहिली आणि तिसरी अडचण एकाच मुळाची आहे. हे दोघं एकत्र का, याचं उत्तर तुम्ही पान २२ च्या आसपास एकदा दिलं असणार आणि ते चाळिशीच्या पुढे शिळं झालं.

विजोड जोडीला बांधणारी गाठ साधारण तीन जातींची असते: धाक, फायदा, गरज. आणि ती दोन्ही बाजूंनी लागते. 'फोर्टी-एट अवर्स'मध्ये पोलिसाला टोळीचा माग काढायला कैदी हवा असतो, म्हणून तो खोट्या सहीच्या कागदावर त्याला बाहेर काढतो. इथवर सगळेच लिहितात. खरी मेख पुढे आहे. कैद्याचे पाच लाख डॉलर बाहेर एका गाडीच्या डिकीत पडून आहेत आणि ते त्याने पोलिसाला सांगितलेले नाहीत. म्हणजे तो नुसता फरफटत आलेला नाही, त्याचा स्वतःचा डाव चालू आहे. तुमच्या गुलाबला पहिल्या ३० पानांत असा डाव आहे का? नसेल तर तो फक्त वसुधाच्या वाक्यांना उत्तरं देणारा माणूस उरतो. ती उत्तरं कितीही चटपटीत असोत, वीस पानांनी कंटाळा येतोच.

गाठ साधारण २५ पानं टिकते, मग ती बदलावी लागते. तुमच्या कथेत असं करता येईल:

पान २०-२२: धाक. वसुधाच्या हाती गुलाबने केलेला दुसराच एखादा खोटा दाखला आहे. मदत कर, नाहीतर हा पुढे पाठवते.

पान ४५-४८: दोघांना समान धोका. दावेदाराची माणसं त्यांना एकत्र पाहतात. आता तिने दाखला फाडून त्याच्या हातात दिला तरी तो सुटत नाही. आणि तिने तो इथेच फाडावा, म्हणजे जुनी गाठ डोळ्यांदेखत सुटते आणि तरीही तो जात नाही.

पान ६८-७०: इच्छा. गुलाबला खरोखर निसटायची संधी मिळते. गाडी, पैसे, सगळं. तो परत येतो. का आलो हे त्याला सांगता येत नाही. त्याला सांगायला लावूही नका.

पान ८० च्या सुमाराला जी तुटते ती ही तिसरी गाठ. पहिल्या दोन आधी न सुटल्यामुळेच तुमची फाटाफूट उपरी वाटतेय. इच्छेने कुणी थांबलेलंच नाही, मग तुटलं काय?

पोलिसांचा प्रश्न दीड पानात मिटवता येतो. प्रेक्षक जे विचारणार ते पात्राने आधी करायचं आणि त्याचा फटका खायचा. पान २४ ला वसुधा ठाण्यात जाते. तिथला अधिकारी भ्रष्ट वगैरे दाखवू नका, उगाच एक उपकथानक मागे लागतं. तो नीट ऐकून घेतो, आग अपघाती असल्याचा अहवाल दाखवतो आणि नियमाप्रमाणे दावेदाराला फोन करून विचारतो. झालं! कुणीतरी खोदतंय हे संध्याकाळपर्यंत दावेदाराला कळलेलं असतं. पुन्हा पोलिसांकडे जा असं मग कुणीच म्हणणार नाही.

उलटी_मोजणी

आडवा_धागा यांच्या गाठीच्या मुद्द्याला +१. मी गुन्ह्याकडून येतो.

नवीन काही लिहिण्याआधी एक कोरं पान घ्या आणि त्यावर फक्त दावेदाराची बाजू लिहा, तारखांसकट, त्याच्या दृष्टीने. पैसे कधी संपले, विमा कधी वाढवला, रजिस्टर कधी करून घेतलं, वसंतला कधी आणि कितीत गप्प केलं, आग कधी लावली. आग लागल्यानंतरही तो दर दिवशी काय करतोय तेही लिहा. मधली पानं लोळण्याचं एक ठरलेलं कारण म्हणजे खलनायक पान १० ला गुन्हा करतो आणि पान ९० पर्यंत बसून असतो. पान ३० नंतर दर १०-१२ पानांनी त्याची एक चाल हवी, आणि ती जोडीने केलेल्या शेवटच्या गोष्टीला उत्तर म्हणून आलेली हवी.

दुसरं, धागे. प्रत्येक धागा दोन किल्ल्यांचं कुलूप असला पाहिजे. तपासायची रीत सोपी: प्रसंगातल्या एकाची सगळी वाक्यं झाका. तरीही धागा सापडत असेल तर झाकलेलं पात्र तिथे केवळ विनोदाला आलंय.

तुमच्याच रजिस्टरचा प्रसंग घ्या. वसुधा जळक्या गोदामात उभी आहे. तिला काय माहीत असतं? मोटारीचा सांगाडा ओतीव लोखंडाचा, आत तांब्याची वेटोळी. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं, पण वितळलं तरी नाहीसं होत नाही, गोळा होऊन तळाशी बसतं. मोटार ३० किलोची धरली तर ६०० मोटारींचे १८ टन होतात. तिच्या पायाखाली राख आहे, मांडण्यांचे वाकलेले खांब आहेत, बिजागऱ्या आहेत, पण लोखंडाचे सांगाडे नाहीत आणि तांब्याचा गोळाही नाही. म्हणजे माल नव्हता. पण एवढ्यावर दावेदार म्हणेल, आग विझल्यावर भंगारवाल्यांनी चोरला. इथे तिची किल्ली संपते.

गुलाब रजिस्टर बघतो. दोन वर्षांच्या नोंदी, पण शाई एकच आणि पेनाचा दाब पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सारखा. कोपऱ्यांना बोटांचा मळ नाही. शिवण सैल झालेली नाही, म्हणजे वही दोन वर्षं रोज उघडलेली नाही. आणि खाडाखोड एकही नाही. गोदामात उभ्याने लिहिलेल्या वहीत खाडाखोड नसते असं होतच नाही. म्हणजे नोंदी एका बैठकीत झाल्या. दोन्ही किल्ल्या लागल्या आणि कुलूप उघडलं.

आता यातली गंमत बघा. हे सगळे दोष गुलाब स्वतःच्याच कामातले काढतोय. तुमच्या सध्याच्या खर्ड्यात प्रेक्षकाला ते ठाऊक नाही, म्हणून हा प्रसंग म्हणजे नुसती माहिती. हेच प्रेक्षकाला पान ३० ला सांगून टाका. वही हातात घेतल्या घेतल्या त्याचा चेहरा आपल्याला दिसू दे, तिला नको. मग तो तिला खरं सांगतोय पण पुरेसं नाही, कामाची निंदा करतोय पण ती निंदा त्याला झोंबतेय. ती म्हणते, "करणारा अगदीच कच्चा दिसतोय." हा तडकून म्हणतो, "कच्चा नाही, त्याला वेळ कमी दिला असेल." एका वाक्यात हशाही मिळतो आणि धाकधूकही.

मधल्या चाळीस पानांचा इलाज मला तरी हाच वाटतो. गुलाबला केस सोडवायला मदत करायचीय आणि स्वतः सापडायचं नाही. दर नवा धागा त्याच्यासाठी चांगली बातमीही असतो आणि वाईटही. मग भांडणाला पोट मिळतं. तो उजवीकडे जाऊ म्हणतो कारण डावीकडे शाईवाला आहे जो त्याला ओळखतो. तिला वाटतं हा आळशी आहे. आपल्याला माहीत आहे तो घाबरलाय.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर: गुन्हा तीन वाक्यांत सांगता आला पाहिजे. माल नव्हताच, कागदावर दाखवला, आग लावून पैसे मागितले. एवढंच ठेवा. एक बनावट कंपनी पुरे, बँका दोन्ही काढा. गुंतागुंत हवीच असेल तर ती चुकीच्या तर्कात घाला. 'हॉट फझ'मध्ये (२००७) नायक खुनांमागे जमिनीचे व्यवहार आणि नव्या रस्त्याचं मोठं जाळं विणतो, अगदी पटेल असं. खरं कारण निघतं ते गावाला सर्वोत्कृष्ट गावाचा मान मिळावा म्हणून नको असलेली माणसं संपवणं. गुंतागुंत खोटी, सत्य हास्यास्पद. विनोदी गुन्हेकथेत हे उलटं केलं, म्हणजे तर्क साधा आणि सत्य गुंतागुंतीचं, की शेवटची दहा पानं खुलासे करण्यात जातात आणि हशा बंद पडतो.

शेवटचं_पान

उलटी_मोजणी, धागे आणि किल्ल्या मान्य. पण पान ३० ला फोडणं मला घाईचं वाटतं. तोवर प्रेक्षकाला गुलाब आवडायला लागलेला नसतो. न आवडलेल्या माणसाचं गुपित कळलं तर तो लबाड वाटतो, आवडलेल्या माणसाचं कळलं तर त्याची काळजी वाटते. मी पान ५५ ला, बरोबर मध्यावर फोडेन. आधीच्या पानांत त्याच्या वागण्यात तीन-चार खटकणाऱ्या जागा पेरायच्या. मध्यावर उलगडा झाला की त्या मागे जाऊन जुळतात.

उलटी_मोजणी

मध्यावर फोडलं तर ३० ते ५५ या पानांचं काय? लोळायला सुरुवात ४० ला होतेय. खटकणाऱ्या जागा दिसतात त्या दुसऱ्यांदा बघणाऱ्याला. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो फक्त आळशीच दिसतो, आणि आळशी साथीदार कुणालाच आवडत नाही.

आवडण्याचा प्रश्न खरा आहे, पण त्याला २५ पानं लागत नाहीत. आपल्या कामात निष्णात असलेला आणि ते जपणारा माणूस दोन प्रसंगांत आवडतो. पान १२ ला त्याला एखाद्या म्हाताऱ्याचा फाटका दाखला तासभर खपून जुन्यासारखा करताना दाखवा, कागदाला चहाच्या पाण्याचा रंग देताना, घडी पाडताना. संवाद नको. पुढच्या पानावर वसुधा येऊन तोच दाखला पुरावा म्हणून उचलते. आवडलाही आणि गाठही बसली.

शेवटचं_पान

दाखल्याची जागा चांगली आहे, त्यामुळे माझा आक्षेप अर्धा मावळतो. तरी पूर्ण नाही. तडजोड म्हणून: ३० ला प्रेक्षकाला कळू दे की रजिस्टर त्याचं आहे. वसंत जिवंत आहे हे मात्र ५५ ला, दोघांना आणि प्रेक्षकाला एकदमच. मध्यावर फसवणुकीची केस खुनाची नसल्याचं कळतं आणि त्याच क्षणी ती खुनाची व्हायची शक्यता तयार होते, कारण दावेदाराला आता वसंत खरोखर मेलेला हवाय. इथून पुढे घड्याळ पैशाचं राहत नाही.

फाटाफुटीबद्दल: फोनवरचं अर्धं संभाषण हा प्रकार कायमचा सोडा. एका वाक्याच्या खुलाशाने जे मिटतं ते तुटणं नव्हे, आणि प्रेक्षक मनात तेच वाक्य ओरडत बसतो. फूट खऱ्या गोष्टीमुळे पडायला हवी, आणि ती गोष्ट सुरुवातीपासून खोलीत असायला हवी. 'झूटोपिया'त सशीण पहिल्यापासून कमरेला कोल्ह्यापासून बचावाचा फवारा लावून फिरते. केस सुटल्याची पत्रकार परिषद होते, ती शिकारी प्राण्यांच्या रक्तातच हिंस्रपणा आहे म्हणते, तिचा साथीदार कोल्हा अंगावर आल्याचा आव आणतो आणि तिचा हात फवाऱ्याकडे जातो. गैरसमज कुठेच नाही. तिने जे केलं ते त्याने बरोबर वाचलं. आणि रचनेची हातोटी अशी की केसचं चुकीचं उत्तर आणि जोडीची फूट एकाच प्रसंगात बसवलीय. गुन्ह्याची रेघ आणि नात्याची रेघ वेगवेगळ्या पानांवर तुटल्या तर दोन्ही बारीक वाटतात.

तुमच्याकडे तयार मालमसाला आहे. पान ८० ला वसुधाला कळतं की रजिस्टर गुलाबचं. तिची चूक नाही, त्याने खरंच फसवलंय. त्याच प्रसंगात तिचा पुरावाही पडतो, कारण तिने ज्याला तज्ज्ञ म्हणून उभं केलं तोच आरोपी निघाला. एका दगडात तिचं नातं, तिची केस आणि तिची नोकरी तिन्ही जातात. तुम्ही हा बाण ९५ पर्यंत भात्यात ठेवला आणि ८२ ला काडी फेकली.

अर्धी_एन्ट्री

विनोदाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून थोडं.

भांडणं मजेदार आहेत पण पुढे सरकत नाहीत, याचा अर्थ दोघं एकाच विषयावर एकाच पद्धतीने भांडतायत. एक कागद घ्या, ४० ते ८० मधलं प्रत्येक भांडण एका ओळीत लिहा आणि पुढे तीन रकाने: कशावरून, कोण बरोबर ठरलं, नंतर काय बदललं. बहुतेक खर्ड्यांत दुसऱ्या रकान्यात एकाच पात्राचं नाव सलग दिसतं आणि तिसरा रिकामा असतो. बरोबर ठरण्याची पाळी आलटून पालटून यायला हवी, आणि दर दोन-तीन भांडणांनंतर एकदा दोघंही चूक ठरायला हवेत. तिसरा रकाना रिकामा असलेलं भांडण कितीही हसवत असलं तरी कापा. फार जिवावर आलं तर त्यातलं सर्वांत चांगलं वाक्य उचलून जिवंत भांडणात टाका.

दुसरं, भांडण मोकळ्या हातांनी नको. हातात काम हवं, आणि ते काम भांडणामुळे बिघडायला किंवा जमायला हवं. गाडीत बसून केलेली पाच पानांची बाचाबाची आणि तीच बाचाबाची ओल्या शाईवर फुंकर घालत, खालून जिन्यावर पावलं वाजत असताना, यातला फरक लिहून सांगायला नको.

तिसरी गोष्ट अदलाबदलीची. चांगल्या जोडीत एकाचं कसब दुसऱ्याकडे जातं. 'मिडनाइट रन'मध्ये पैसे संपल्यावर सरळमार्गी हिशेबनीसच चोरलेलं सरकारी ओळखपत्र वापरून, खोट्या नोटा तपासण्याचा बहाणा करत दुकानदाराकडून नोटा काढून घेतो. पकडून नेणारा माजी पोलीस बाजूला उभा राहून बघतो. त्या प्रसंगाला गुन्ह्याच्या कथानकात फारसं स्थान नाही, पण जोडीच्या कथानकात तो कणा आहे. वसुधाचं पहिलं खोटं पान ६० च्या आसपास हवं आणि ते वाईट पडायला हवं. ती जरुरीपेक्षा जास्त तपशील देते, तारखा सांगते, पावती क्रमांकसुद्धा सांगते. गुलाब नंतर शिकवतो: खोटं छोटं ठेवायचं आणि समोरच्याला ते पूर्ण करू द्यायचं. मग शेवटी तिला ते एकदा चोख वापरावं लागतं.

आणि धोक्याची चेष्टा नको. दावेदार विनोदी असू नये, निदान एकटा असताना तरी. पात्रांना आपण विनोदी सिनेमात आहोत हे ठाऊक नसतं. पहिल्या १५ पानांत एक खरी जखम दाखवा, म्हणजे पुढे पिस्तूल निघालं की हसू थांबतं. पाठलाग करणारे मात्र एकापेक्षा जास्त असू द्या. विमा कंपनीने तिच्यावरच चौकशीला पाठवलेला एखादा तरुण अधिकारी घाला. दोन पाठलाग एकमेकांवर आपटले की विनोद फुकट मिळतो.

कोरा_कागद

सगळ्यांचे आभार, छापून भिंतीला लावलंय. जुळा भाऊ गेला, बँका गेल्या, निवृत्ती गेली, मुदत ४८ तासांची केली. रजिस्टरचं गुपित ३० ला प्रेक्षकाला, ५५ ला वसंत, ८० ला वसुधाला.

आता दोन शंका. क्लायमॅक्स सध्या दुसऱ्या गोदामात आहे, मारामारी, १९ पानं. गुपितं आधीच फुटल्यामुळे तिथे आता मारामारीशिवाय काही उरलेलं नाही. आणि शेवटी गुलाबला विमा कंपनी नोकरीवर घेते, तो शेवट ठेवू का?

शेवटचं_पान

गोदाम सोडा. क्लायमॅक्स जिथे दावा मंजूर होतो त्या बैठकीच्या खोलीत न्या. मारामारीची जागा दोघांच्याही कामाची नाही, बैठकीची खोली आहे. खाली गाडीत दावेदाराचा माणूस वसंतला धरून बसलाय, ही धमकी पुरेशी आहे. १९ ऐवजी १४-१५ पानं. वसुधाला वर वेळ काढण्यासाठी खोटं बोलायचंय, तेही चोख. गुलाबला खाली जाऊन वसंतला सोडवायचंय, त्यासाठी त्याला दरवाजावर एकच सही मारावी लागते. दोन जागा आलटून पालटून, एका जागेवर सलग दीड पानापेक्षा जास्त थांबू नका.

उलटी_मोजणी

आणि गाठ तिथे सोडवा जिथे बांधली. वसंत जिवंत आल्यावर मृत्यूचं प्रकरण पडतं, पण माल होता हे रजिस्टर अजून सांगतंच आहे. ते खोटं आहे हे ठामपणे सांगू शकणारा एकच माणूस म्हणजे ते बनवणारा. म्हणजे गुलाबला स्वतःच्या नावाने जबाब लिहून सही करायची आहे. आता पान १८ ला हे पेरा: वसुधाच्या कार्यालयात शिरताना तो हजेरीच्या वहीत सही करतो आणि बाहेर पडताना वेगळीच. ती हटकते. पान ५० ला पुन्हा एकदा, अगदी जाता जाता, तिसरीच. हजार लोकांच्या सह्या मारणाऱ्याची स्वतःची अशी सही ठरलेलीच नाही. शेवटी जबाबाखाली पेन टेकवतो आणि थांबतो. दावेदाराचा वकील म्हणतो, हा बघा, स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नाही. वसुधाने इथे मदत करायची नाही. तो नाव लिहितो, वेडंवाकडं, आणि एका अक्षरावर खाडाखोड होते.

पेरणी दोनदाच. एकदा पेरलं तर विसरतात, तीनदा पेरलं तर ओळखतात.

अर्धी_एन्ट्री

नोकरीचा शेवट नको. ज्या सहीने त्याने गुन्हा कबूल केला त्याची किंमत त्याला लागली नाही तर ती सही फुकट गेली. 'मिडनाइट रन'मध्ये माजी पोलीस एक लाख डॉलरचं बक्षीस सोडून हिशेबनिसाला जाऊ देतो. मग त्याला कमरपट्ट्यातले पैसे मिळतात, पण सोडताना त्याला ते माहीत नसतं, म्हणून चालतं. गुलाबला शिक्षा होऊ द्या, सहा-आठ महिन्यांची. त्यानंतर जास्तीत जास्त दोन पानं. तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत वसुधा येते आणि नव्या केसमधला एक कागद काचेला लावून विचारते, "हे खरं आहे का?" तो बघतो, उत्तर देतो, कट.

तिसरी_घंटा

बैठकीच्या खोलीला +१. ४० ते ८० पुन्हा लिहिताना जुनी पानं समोर उघडी ठेवू नका, नाहीतर जुन्या भांडणांना नवे धागे चिकटवत बसाल. आधी प्रसंगांची चिठ्ठी-यादी करा, ४० पानांना १८ ते २० चिठ्ठ्या पुरतात. प्रत्येक चिठ्ठीवर दोन ओळी: वर केसमध्ये काय बदललं, खाली दोघांमध्ये काय बदललं. ज्या चिठ्ठीची एक ओळ कोरी राहील ती शेजारच्या चिठ्ठीत मिसळा, दोन्ही कोऱ्या राहिल्या तर टाकून द्या.

आणि रखवालदाराचं नाव बदला. वसुधा आणि वसंत एकाच अक्षराने सुरू होतात. क्लायमॅक्सला दोघं वर-खाली आलटून पालटून येणार, आणि तिथे पोचलेला वाचक नावाचं फक्त पहिलं अक्षर बघून पुढे पळत असतो.